नाडी मोजायचं घड्याळ

नर्सचं शिक्षण संपवून मी यवतमाळहून पुसदला घरी आले, तेव्हा दादानं स्वतःच्या हातानं माझ्या मनगटावर घड्याळ बांधलं. चिंचोक्याएवढं, सोनेरी, नाजूक साखळीचं. दादा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. आम्ही धम्मात आलो त्याला थोडीच वर्षं झाली होती, आणि आमच्या वस्तीतून नोकरीवर निघालेली मी पहिलीच मुलगी. शेजारच्या बाया माझा हात धरून घड्याळ बघून जात होत्या. दादा दाराशी उभा राहून नुसता हसत होता.

त्या घड्याळाला दोनच काटे होते. तो दिवस मी तसाच जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी चहा पिताना हळूच म्हटलं, "दादा, घड्याळ लय सुंदर आहे. पण याले सेकंदाचा काटा नाही."

"तुले सेकंद कायले पाह्यजे?"

"नाडी मोजाले."

त्यानं चहा संपवला आणि चपला घातल्या. "चाल मंग," म्हणाला.

दुकानदार भला माणूस होता. घड्याळ बदलून द्यायला लगेच तयार झाला. "वरची डबी पाहू नका बाई, आतली मशीन पाहा," म्हणत त्यानं एकेकाचं मागचं झाकण उघडलं.

पहिलं स्वस्तातलं. टिकटिक गल्ल्यापलीकडूनही ऐकू येत होती. "यात चाकं टेकाले खडे नाहीत, बारीक पिना आहेत. झिजल्या की घड्याळ कधी पुढं पळते, कधी मागं राहते."

दुसऱ्यात अर्ध्या चंद्रासारखी एक चकती गोल फिरत होती. हात हलला की चावी आपोआप भरायची. दादा तर हरखूनच गेला. "हेच घेऊ. तुले चावी द्याले वेळ कुठं भेटन?"

मलाही ते आवडलं होतं. पण बाळंतपण करताना कोपरापर्यंत हात धुवावे लागतात, तेव्हा घड्याळ मनगटावर राहणार नव्हतं. तसं मी दुकानदाराला सांगितलं.

"रोज बराच वेळ काढून ठेवलं तं चावी पुरी भरणार नाही, बंद पडन," तो म्हणाला. "अन् बिघडलं तं मले इथं जमत नाही, नागपूरले धाडा लागते."

तिसरं रोज सकाळी चावी द्यायचं. आत सतरा लाल खडे डाळिंबाच्या दाण्यांसारखे चमकत होते. खड्यांवर चाकं फिरतात म्हणून झीज कमी, चाल एकसारखी. लांब सेकंदकाटा मधोमध बसवलेला. मी ते कानाला लावलं आणि माझं ठरलं.

दादाचा चेहरा पडला. "हे तं गडी माणसाचं घड्याळ आहे. लोक म्हणतीन, भावानं आपलं जुनं देऊन टाकलं."

"दादा, दुखणेकऱ्याचा हात हाती घेतला का मले हा काटाच पाह्यजे."

त्यानं घड्याळाच्या काचेवरून बोट फिरवलं. मग पट्टा माझ्या मनगटाभोवती धरून दुकानदाराला म्हणाला, "याले अजून भोकं पाडून द्या. हिचा हात बारीक आहे."

माझी नेमणूक झरीकडच्या जंगलातल्या एका दवाखान्यात झाली. एकदा सकाळी एका कोलाम आदिवासीच्या घरून बोलावणं आलं. बाई पहाटेच बाळंत झाली होती. बाळ चांगलं होतं. सुईण म्हणाली, "थकून गेली, झोपू द्या." बाईचा चेहरा शांत होता, बाहेर रक्तही फारसं दिसत नव्हतं. मी सवयीनं नाडी धरली. काट्यानं फेरा पुरा केला आणि मी चरकले. पुन्हा मोजली. थकलेल्या बाईची नाडी इतकी पळत नाही. पोट दाबून पाहिलं, तर गर्भाशय सैल पडला होता आणि आत रक्त साचत होतं. पोट चोळून चोळून रक्ताच्या गाठी बाहेर काढल्या, इंजेक्शन दिलं आणि बैलगाडी जुंपायला लावली. मोठ्या दवाखान्यापर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही. अर्ध्या वाटेवर नाडी हळूहळू ठिकाणावर येऊ लागली, आणि तिनं डोळे उघडून बाळ मागितलं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा दादाला हे सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"वाचली नं बाई?"

"वाचली."

"अन् लेकरू?"

"तेही चांगलं आहे."

त्यानं चुलीपाशी बसलेल्या आईला हाक मारली, शेजारी बसवलं आणि मला म्हणाला, "आता पयल्यापासून सांग. आईले काहीच ऐकू नाही गेलं."