विमान तुरीत पडलं तेव्हा

एअरोस्पेस इंजिनिअरिंगला प्रवेश घेतल्यापासून अनसिंगच्या आमच्या गल्लीत मला एकच प्रश्न: "कवा उडवतं वं विमान?" तिसऱ्या वर्षी उत्तर द्यायची वेळ आली.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी रूममेट आमचं थर्माकोलचं मॉडेल घेऊन घरी आलो. हॉस्टेलजवळ मोकळी जागा नव्हती. इथे सोयाबीन निघून आमचं वावर रिकामं झालं होतं. सुट्टी संपताच सरांना उड्डाणाचा व्हिडिओ दाखवायचा होता. मॉडेल एकच. ते उडालं नाही, तर प्रोजेक्टमध्ये नापास.

तोलाचं गणित रूममेटचं. आदल्या संध्याकाळी तिनं ओट्यावर तोल तपासला, अगदी बरोबर होता. बघायला अर्धी गल्ली जमली होती.

सकाळी बांधावरही गर्दी. तिनं विमान हवेत फेकलं. रिमोट माझ्या हातात. नाक वर गेलं. मी खाली दाबलं, तरी वरच. क्षणभर ते हवेत उभंच राहिलं आणि शेजारच्या तुरीत कोसळलं.

"झालं शिक्षण!" बांधावरून कोणीतरी म्हणालं. त्याचा गळाच धरावासा वाटला.

तुरीनं झेललं म्हणून पंख वाचले. प्रोपेलर मात्र तुटला. जवळ दुसरा एकच होता. रूममेट ढेकळांवर मटकन बसली. "शेपटी जड झाली. गणित माझंच चुकलं. सरांना मी तसं सांगते," म्हणाली आणि रडायला लागली. ती अशी चुकणारी नव्हती; काल तोल बरोबर होता, मग आज शेपटी जड कशी?

मी शेपटीखालचं झाकण उघडलं. आत लिंबू, मिरच्या आणि बिब्बा, काळ्या दोऱ्यात घट्ट ओवलेले.

आई पाण्याची बाटली घेऊन जवळच उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि सगळं समजलं. मला ते मुठीत लपवता आलं असतं, आईची गावासमोर शोभा झाली नसती. पण इथे एक पोरगी न केलेली चूक अंगावर घेत होती. मी मूठ उघडली.

"आई, काहून केलं हे?" आवाज चढलाच माझा.

"काल साऱ्याइची नजर पडली त्याच्यावर. मले भेव वाटलं. सांगतलं असतं तं तुमी हासल्या असत्या."

रूममेटनं डोळे पुसले. हातातलं ढेकळावर ठेवून मी नवा प्रोपेलर बसवायला घेतला. हाही तुटला की संपलं. आईनं ते लिंबू उचललं. वाटलं, आता फेकून देईल. पण ती रूममेटसमोर उकिडवी बसली.

"बाई, तुमचं वजनाचं मले कळत नाही. पर याच्याबिगर मी त्याले वर जाऊ देत नाही. कुठं बांधू, थे सांग."

त्या व्हिडिओत विमान वावरावरून दोन फेऱ्या मारतं आणि नीट उतरतं. कॉलेजात सरांनी तो मध्येच थांबवून विचारलं, "पोटाखाली हे काय लोंबतंय?"

रूममेट म्हणाली, "काकूंचं आहे, सर. गणितात धरलंय."