बागेतले रविवार आणि अप्पांचे निरोप

लातुरात बागा बऱ्याच आहेत. मी सांगतोय ती क्लासवाल्या गल्ल्यांच्या मागं आहे. तिच्यात कारंजं आहे, त्याला पाणी आलेलं मी कधी बघितलं न्हाई. घसरगुंडी आहे, व्यायामाची हिरवी-पिवळी मशिनं आहेत, चार-पाच कडुलिंब आहेत, आणि ‘फुले तोडू नयेत’ अशा पाट्या जागोजागी. फुलं मात्र शोधावी लागतात. आठवडाभर ही बाग म्हाताऱ्यांची आणि लेकरांची. रविवारी दुपारी ती आमची, म्हणजे क्लासला पोरं ठेवलेल्या आई-बापांची. मुलींच्या होस्टेलात बाप माणसाला गेटाच्या आत घेत न्हाईत. मग लेकीला भेटायचं कुठं? औसा, निलंगा, आमचं उदगीर, सगळीकडून सकाळच्या एसटीनं माणसं येतात, लिंबाखाली चादरी अंथरतात, डबे मांडतात आणि टेस्ट सुटायची वाट बघत बसतात. दुपारी बाग बंद ठेवायचा नियम आहे, पण वॉचमन रविवारी गेट उघडं ठेवतो. माझा मेहुणा धर्माबादहून नांदेडच्या एका बागेत हेच करून राहिला दोन वर्षं. तिथं बी हीच तऱ्हा.

साडेबाराच्या सुमाराला पोरं येतात. डोळे सुजलेले, बोटांना शाई. बाप लोकांचा पहिला प्रश्न ‘भूक लागली का’ हा नसतो. ‘पेपर कसा गेला?’ हा असतो. मी बी तेच विचारायचो. मी काही जगावेगळा न्हाई.

माझी एकुलती एक लेक माझ्या वडलांच्या हाताखाली वाढली. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, ती बी अप्पाच म्हणायची. उदगीरला आमचं भांड्यांचं दुकान. मी आणि बायको दिवसभर दुकानात, पोरगी अप्पांजवळ. किल्ल्याकडच्या मैदानात तिला सायकल त्यांनी शिकवली, धोतराचा सोगा एका हातात धरून मागं पळत. ते तिला ‘अव्वा’ म्हणायचे. आमच्या लिंगायतांत आईला अव्वा म्हणतात, आणि लाडाच्या पोरीलाही. ती अकरावीला लातूरला निघाली तेव्हा अप्पा दोन दिवस नीट जेवले न्हाईत. मी त्यांच्यावर खेकसलो. म्हणलं, “पोरगी डॉक्टर व्हायला चालली, सासरी न्हाई!” मी तसा तोंडाचा फाटकाच. बोलून मोकळा होतो आणि मग दुकानात जाऊन पातेली पुसत बसतो.

तिच्या बारावीच्या वर्षी, दिवाळी झाली आणि अप्पांनी अंथरूण धरलं. काळीज थकलंय, असं डॉक्टर म्हणले. औषधं चालू ठेवा, बाकी देवाच्या हातात. तेव्हापासून अप्पांचं एकच चालू झालं, “अव्वाला एकदा आण.”

मी म्हणायचो, आणतो.

मग येळवस आली. हा सण आमच्याकडचाच. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत न्हाई, सगळे रानात. कडब्याची खोप करायची, पूजा करायची, डाळी-भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील घेऊन बांधावर जेवायला बसायचं. आम्हाला रान न्हाई, पण गिऱ्हाइकांचं आवतण दरवर्षी असतं. अप्पांना वाटलं, सणाला तरी पोरगी येईल. तिची दुसऱ्या दिवशी मोठी टेस्ट होती. मी बोलावलं न्हाई. अप्पा चिडले न्हाईत, तोच तर त्यांचा स्वभाव. म्हणले, “मग मला ने की. गाडी कर. त्या बागेत बसतो मी. बाकडं असलं की झालं, मला काय लागतंय?”

मी काय म्हणलो माहीत हाय? म्हणलो, “तुम्हाला असं बघितलं की ती रडंल. महिनाभर तिचं डोकं अभ्यासात लागणार न्हाई. चालंल तुम्हाला?” अप्पा गप्प बसले. आपल्यामुळं पोरीचं नुकसान होईल म्हणलं की ते काय बोलणार! मला ठाऊक होतं ते गप्प बसतील. म्हणूनच मी तसं बोललो.

येळवशीनंतरच्या रविवारी मी बागेत भज्जीचा डबा उघडला. लेक खात-खात म्हणली, “अप्पा आंबील प्याले का, पप्पा?” म्हणलं, “दोन तांबे!” दोन चमचे प्याले होते. ती खुदकन हसली आणि मला लई बरं वाटलं. खोटं बोलायला इतकं सोपं जातं हे मला त्या दिवशी कळलं. वाईट सवय लागायला तेवढं पुरतं.

अप्पांना म्हणलो, बोर्डाचं प्रॅक्टिकल होऊ द्या. सराव परीक्षा होऊ द्या, म्हणलो. आणि संक्रांत होऊन पंधराएक दिवस झाले असतील, एका गुरुवारी दुपारी अप्पा गेले. बायको दुकानात होती, घरात मी एकटाच होतो त्यांच्याजवळ. हात माझ्या हातात होता. मरताना बी त्यांनी पोरीचाच विषय काढला होता.

माणसं जमली. बायकोनं माझा सदरा धरला, “ओ, पोरीला आणा. आत्ताच्या आत्ता गाडी करा. तोंड तरी बघू द्या तिला.” मी म्हणलो, “बोर्ड तोंडावर आलंय. आता सांगायचं न्हाई. नीटची परीक्षा झाल्यावरच सांगायचं.” ती म्हणली, “तुम्ही माणूस हाय का कोण?” मी तिला सगळ्यांसमोर गप्प केलं. आणि जमलेल्यांतला एक जण तरी माझ्या विरोधात बोलावा की न्हाई? सगळ्यांनी मान डोलावली. बरोबर हाय, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न हाय. मेहुण्यानं सांगितलं, त्यांच्या शेजाऱ्यांनी तर चुलत्याची मयत चार महिने लपवली होती. आमच्याकडं हे शहाणपण समजतात. अप्पांना रुद्रभूमीत बसवून माती दिली, आणि मी घरी येऊन उदगीरच्या ज्या दोघांच्या पोरी तिच्या होस्टेलात होत्या त्यांना फोन करून हात जोडले. पोरींना कळू देऊ नका म्हणलं. ते म्हणले, आम्हाला सांगायची गरजच न्हाई.

तीन दिवसांनी रविवार. मी डबा घेऊन बागेत हजर! दुसऱ्या कोणाचा बाप मेला असता तर भादरलेल्या डोक्यानं लगेच उघडं पडलं असतं. आमच्यात डोकं भादरत न्हाईत, सुतक बी पाळत न्हाईत. कपाळाला रोजच्यासारखी विभूती लावलेला, रोजचाच माणूस. बसवण्णांनी ते सुतक मोडलं माणसाचं भलं व्हावं म्हणून, आणि मी त्याच्या आडून लेकीला फसवलं.

ती म्हणली, “आई का न्हाई आली?”

आईला चेहरा आवरणार नव्हता म्हणून मीच आणली नव्हती. म्हणलं, “अप्पांजवळ कोणीतरी पाहिजे ना.”

“अप्पा काय म्हणले?”

मी म्हणलो, “म्हणले, मन लावून अभ्यास कर.”

त्यानंतर दर रविवारी अप्पांचा एक निरोप मला बनवावा लागायचा. एसटीत बसलो की तेच डोक्यात. आज काय सांगू? अप्पा बोलायचे कसे ते मला पाठ होतं, त्यामुळं निरोप झकास जमायचे. कधी चेष्टा, कधी उपदेश. लेक ते ऐकताना जेवायची थांबायची. आणि जाताना बागेच्या गेटावरच्या गाड्यावरून दोन पिकलेले चिकू घ्यायची, तिच्या खाऊच्या पैशातून, निवडून-दाबून. अप्पांना दात नव्हते, चिकू चालायचा. “बिया काढून द्या हं, पप्पा.” पहिल्या वेळी मी ते चिकू वाटेतल्या नळेगावपर्यंत हातात धरून बसलो. घरी न्यावेत तर बायको बघेल. फेकवत बी न्हाईत. शेवटी खाल्ले. मेलेल्या बापाच्या वाट्याचे चिकू बिया काढून खाल्ले मी, आणि नंतर दर रविवारी खाल्ले.

शिवरात्रीच्या आधी ती म्हणली, “पप्पा, एक दिवस येऊ का घरी? शिवरात्रीला अप्पा पूजेला बसतात, त्यांच्याजवळ बसते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत येते. मला आजकाल लई कसंतरी होतंय.” त्या वेळी सांगायचं होतं. जवळ घेऊन सांगायचं होतं. मी म्हणलो, “अप्पांनीच सांगितलंय. परीक्षा देऊनच ये, त्याआधी मला तोंड दाखवू नको.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “अप्पा असं म्हणले? मला?”

“हाव.”

तिनं भाकरी तशीच ठेवली आणि अभ्यास हाय म्हणून उठून गेली. त्यानंतर ती इतका अभ्यास करायला लागली की सरांनी मला फोन करून कौतुक केलं. मी ते कौतुक दुकानात चार लोकांना ऐकवलं. देवा शपथ, ऐकवलं मी!

होस्टेलात पोरींना मोबाइल ठेवू देत न्हाईत. एप्रिलमध्ये एकदा तिनं माझा फोनच मागितला, अप्पांशी बोलते म्हणली. म्हणलं, त्यांना आता ऐकू येत न्हाई. “मग व्हिडिओ लावा, नुसतं बघते.” म्हणलं, झोपलेत. “मग आईला सांगा, झोपलेले दाखव.” मला सुचलं न्हाई की मी ओरडतो. “डॉक्टर व्हायचंय का नाटकं करायचीत?” सगळी बाग आमच्याकडं बघायला लागली. शेजारच्या चादरीवरची औशाची बाई मान खाली घालून डब्याला झाकण लावत बसली. तिला उदगीरवाल्यांकडून कळलं होतं सगळं. लेक म्हणली, “सॉरी, पप्पा.” तिनं माझी माफी मागितली. हे आठवलं की मला आजही दुकानाचं शटर लावून रडावंसं वाटतं.

मे महिन्यात नीट झाली. पेपर सुटल्यावर मी तिला होस्टेलात न नेता बागेत आणलं. घरी सांगता आलं नसतं, तिथं भिंतीवर अप्पांचा फोटो लागलेला होता. संध्याकाळची वेळ. रविवार होता, पण आई-बापांची गर्दी आज परीक्षेच्या सेंटरवर होती. बागेत गावातली माणसं आली होती, घसरगुंडीवर लेकरांची रेटारेटी. लेक खुशीत होती. पेपर बरा गेला होता. म्हणली, “पप्पा, आज शेवटची एसटी मिळंल ना? मी घरात शिरल्या शिरल्या आधी अप्पांना ओरडणार हाय. तोंड दाखवू नको म्हणतात का मला!”

मी तिला बाकड्यावर बसवलं आणि सांगितलं.

ती रडली न्हाई लगेच. म्हणली, “कधी?” मी सांगितलं. तिचे ओठ हलत होते, मला वाटलं बसवण्णांचं वचन म्हणतीय. नंतर कळलं की ती एक-एक रविवार आठवत होती.

“मग शिवरात्रीचं कोण म्हणलं?”

“मी.”

“आणि मन लावून अभ्यास कर?”

“मीच गं.”

“येळवशीला दोन तांबे आंबील?”

“ते होते तेव्हा. पण न्हाई प्याले तेवढी.”

“माझे चिकू?”

मी घसरगुंडीकडं बघायला लागलो. तिला कळलं. मग ती रडली. दोन्ही हात पोटाशी धरून, मोठ्यानं, लहान असताना सायकलवरून पडली की रडायची तशी. मी खांद्यावर हात ठेवला तर अंग चोरून बाकड्याच्या टोकाला सरकली. फिरायला आलेली माणसं बघत होती. त्यांना वाटलं असणार पेपर अवघड गेला. एक म्हातारा जवळ येऊन म्हणला बी, “होतं बाळा, पुढच्या वर्षी परत दे.”

बऱ्याच वेळानं तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, “शेवटी काय म्हणले ते? खरं सांगा.”

ह्या एका प्रश्नाला माझ्याजवळ खरं उत्तर होतं. त्या गुरुवारी अप्पांनी माझं मनगट धरलं होतं, कुठून इतका जोर आला होता कोण जाणे, आणि म्हणले होते, “अव्वाला सांग, म्हातारा तुझ्यावर रुसला न्हाई. तू यायच्या आधी गेलो तर तुझा काही कसूर न्हाई, म्हणावं. तुझ्या बापाला बी रागवू नको, म्हणावं. तो भितो.” अगदी हेच शब्द. मी ते तीन महिने जपले होते, रोज दुकान उघडताना मनात म्हणून बघायचो, एक शब्द इकडंतिकडं होऊ नये म्हणून. मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

ती ऐकत होती. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. मग मान हलवली आणि हळू आवाजात म्हणली, “छान जमतंय तुम्हाला, पप्पा. अगदी अप्पांसारखं.”

“अगं न्हाई, हे खरंच म्हणले ते. आईची आन.”

“आई होती का तिथं?”

“न्हाई. मी एकटाच होतो.”

“बरं,” म्हणली ती, आणि बॅग उचलून गेटाकडं निघाली. एसटीत ती पुढच्या सीटवर बसली, मी मागं.

आता ती दुसऱ्या शहरात शिकतीय. डॉक्टर होईल, सगळं मनासारखं झालंय. फोन करते, दुकानाचं विचारते, माझ्या बीपीच्या गोळ्यांचं विचारते. मी दोन-तीनदा तो विषय काढला, म्हणलं, अप्पा खरंच तसं म्हणले होते गं. ती भांडत न्हाई, चिडत न्हाई. “बरं, पप्पा,” म्हणते, आणि फोन आईला द्या म्हणते.