पुलाच्या पायाशी थांबलेले खोदकाम

दत्तोबाकाकांची आणि माझी पहिली भेट नदीवरच्या दगडी रेल्वेपुलावर झाली. मी शिरूर कासारहून परळीजवळच्या त्यांच्या गावी पाणी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून नुकताच आलो होतो. रुळांकडेच्या अरुंद पायवाटेवर मधोमध पोहोचलो आणि मागून गाडीची शिट्टी आली. पाय हलेनात. रूळ तपासत येणाऱ्या काकांनी दंड धरून मला कठड्याच्या कोनाड्यात ओढले. गाडी गेल्यावर एवढेच म्हणाले, "खाली बघू नगा. माझ्या मागं चला."

काका रेल्वेत गँगमन होते. निजामाच्या काळातल्या त्या पुलावरूनच गावाला बाजार आणि शाळा गाठावी लागे. ओझी घेऊन जाणाऱ्या बायकांना आधार हवा, म्हणून साहेबांची परवानगी काढून त्यांनी सुटीच्या दिवशी स्वतः वाटेकडेने तार बांधली.

मग दुष्काळ पडला. सोसायटीची विहीर आटली. पुलाच्या मधल्या खांबापाशी वाळूत ओल लागली, तेव्हा आम्ही तिथेच खोदू लागलो. सोसायटीचे सभासद असलेले काका खड्ड्यात उतरून उभे राहिले.

"खांबाचा पाया उघडा पडायलाय. हितं खांदू देणार न्हाई."

मी चिडलो. "माणसं तहानेनं तडफडायलीत, अन् तुमी दगड राखायलाव?"

"माझ्याबी घरी घागर रिकामीच हाय, सायेब."

काम थांबले. आम्ही पुलापासून बरेच दूर, नदीच्या खालच्या अंगाला दुसरा झरा खोदला. पाणी कमी, वाट लांब. गावाने काकांशी बोलणे सोडले. काकांच्या पत्नी पारूकाकूंना झऱ्यावर रांगेतून मागे ढकलत. मी ते पाहिले आणि गप्प राहिलो. काका मात्र ड्युटी संपली की एकटेच तो खड्डा बुजवत. आठवडाभराने मीही टोपले उचलले. त्यांनी सरकून जागा दिली.

पुढच्या पावसाळ्यात नदी कठड्याला टेकायला आली. पूल उभा राहिला. गावाने काकांचा सत्कार ठरवला, ते गेले नाहीत.

मी विचारले, "खोदलं असतं तर पडला असता का हो?"

"काय ठावं. त्या उन्हाळ्यात तुमच्या काकूनं लई लांबून पाणी आणलं. ते आठवलं की सत्काराला बसवत न्हाई मला."

काका, पंचाहत्तरी झाली तरी आपण रोज पुलावर फेरी मारता. आपले पाय असेच धडधाकट राहोत, आणि काकूंची सोबत आपल्याला खूप वर्षे लाभो. आपणा दोघांची माफी मी आजवर मागितली नाही. ती या पानावर मागतो.