मोरवेलीची चुंबळ

आमच्या धानोऱ्यात माफ करणारे लय आहेत. ठमाबाई त्यातली नव्हती, अन् मले ती त्यासाठीच आवडे. मी शकुबाई, तिची शेजारीण. जे सांगते ते डोळ्यानं पाह्यलेलं सांगते.

तिचा नवरा हरिदास लाकूडकटाईले जंगलात जाये. एक्याऐंशीच्या पावसाळ्यात तिकडून त्यानं मोरवेलीचं मूळ आणलं अन् आपली घराजवळची वाडी अन् मोठ्या भावाची वाडी यांच्या मधात, बरोबर हद्दीवर लावलं. आम्ही हासलो. जंगलातली वेल कोणी घरी लावते का गा? तो म्हणे, "थंडीत सारं झडते, हे हिरवीच राह्यते. अन् फुलते तेही थंडीतच. पाहान तुम्ही." मुळाले सावली लागते अन् शेंड्याले ऊन, म्हणून त्यानं बुडाशी चपटे गोटे रचले, वेल चढाले वर बांबूचा ताटवा बांधला. एक गोष्ट साऱ्या वस्तीले सांगून ठेवली, हिचा चीक अंगाले लागला का फोड येतात. बकऱ्याही तिले तोंड लावत नसत.

दोन थंड्या गेल्या, वेल नुसती वाढली, फुलली नाई. त्र्याऐंशीच्या श्रावणात हरिदास हिवतापानं गेला. अन् दसऱ्याच्या तोंडावर वेलीनं कळ्या धरल्या! ठमाबाई रोज सकाळी तिथी जाऊन उभी राहे. मले म्हणाली, "शकुबाई, सहा डिसेंबरले पहिला हार विहारात बाबासायबाच्या फोटोले, अन् दुसरा ह्याइच्या फोटोले. ह्याइनं पाह्यलीच नाई, पण फुलं तं ह्याइचीच." दुसरं तिनं कोणाले काही मागितलंच नाई.

आता मोठा भाऊ. देवाजी त्याचं नाव, ठमाबाईचा भासरा. जल्म गेला बल्लारपुरात कोळसा भरण्यात. त्याच वर्षी उन्हाळ्यात गावात वापस आला होता. वाघाचं एवढं भेव का जंगलात पाय ठेवत नसे. भाऊ मेला अन् ह्याच्या डोळ्यात भावाची वाडी भरली. "एकट्या बाईले एवढी जागा काऊन पाहिजे?" असं चारचौघात बोले. भासऱ्यासमोर बाई डोक्यावर पदर घेते, त्याचं नाव घेत नाई, सामने बोलत नाई. ठमाबाई तं त्याची सावलीही ओलांडत नसे. त्याले वाटलं, हिच्या तोंडात जीभच नाई.

दसऱ्याले आम्ही सगळे ट्रकनं नागपूरले दीक्षाभूमीवर गेलो. देवाजी म्हणे, गुडघा दुखून राह्यला. वापस आलो तं वेल नाई! ताटवा नाई, बुडाचे गोटेही नाईत! अन् नवं बांबूचं कुंपण ठमाबाईच्या वाडीत चार हात आत, पार तिच्या मोरीजवळ. कळ्या मातीत तुडवलेल्या. मी बोंबलली, तोंडात येतील त्या शिव्या देल्ल्या. ठमाबाई खाली बसली अन् एकएक कळी पदरात वेचत राह्यली. रडली नाई. तिचं तोंड पाहून मलेच भेव वाटलं.

विहारात बैठक भरली. देवाजी आला तो डोक्याले दुपट्टा घट्ट बांधून. म्हणे, "वेलीले मी हात नाई लावला. ढोरानं तोडली असन. अन् कुंपण तं जुन्याच हद्दीवर आहे." आता हद्दीची खूण ते वेलच होती, अन् तेच गेलेली. वस्तीतले जाणते लहानूभाऊ म्हणाले, "आधी वंदना घ्या, मंग भांडा." वंदनेले डोक्यावरचं काढा लागते. सगळ्याइनं टोप्या, दुपट्टे काढले. देवाजी तसाच उभा, मान खाली घालून.

तवा ठमाबाई उठली. डोक्यावरचा पदर खाली सोडला अन् भासऱ्याच्या सामने जाऊन उभी राह्यली.

"देवाजी, दुपट्टा काढ."

माय व! नाव घेतलं, अन् तेही एकेरी! बायाइनं तोंडाले पदर लावले.

"थंडी वाजते मले," तो म्हणे.

"दसऱ्याची? काढ. भगवंतापुढं उभा आहे तू."

लहानूभाऊ म्हणाले, "काढ गा बापा." काढा लागलाच त्याले. अन् त्या टकलावर काय पाह्यलं आम्ही! गोल, बरोबर चुंबळीएवढं कडं, फोडच फोड, पाणी वाहून राह्यलेलं. कुंपणाचा बांबूचा भारा डोक्यावर वाहाले त्यानं तोडलेल्या वेलीचीच वेटोळी वळून चुंबळ केली होती! जंगलातलं लेकरूही मोरवेल डोक्यावर घेणार नाई. वस्तीत मोरवेल एकच, अन् हा जंगलात जात नसे. आधी पोरी खुदकल्या, मंग बाया, मंग सारा विहार. मी एवढी हासली का पोट दुखलं. अजून आठवते तं बरं वाटते.

दुसऱ्या दिवशी कुंपण मागं गेलं. लहानूभाऊ म्हणाले, "ठमाबाई, झालं आता. सोडून दे."

"वाडी भेटली, भाऊ," ती म्हणाली. "सहा डिसेंबर नाई भेटला." वेचलेल्या कळ्या तिनं एका गाडग्यात भरून हरिदासच्या फोटोखाली ठेवल्या.

मातीखाली मूळ जितं होतं. पावसाळ्यात फुटलं, अन् पंच्याऐंशीच्या थंडीत वेल अशी फुलली का कुंपण दिसेना. हार विहारातही गेला, फोटोलेही गेला. अन् त्या वर्षापासून दर थंडीत ठमाबाई हाताले फडकं गुंडाळून एक चुंबळ वळे अन् देवाजीच्या दारासमोर कुंपणाच्या खुंटावर टांगून ठेवे. तो दार उघडे, चुंबळ पाहे, दार लावून घे. लेकरं त्याले चुंबळभाऊ म्हणत. मी कोणाले दटावलं नाई.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात देवाजी मेला. त्याची बायको केसरबाई कुंपणापाशी आली. गावात झेंडू वाळून गेलेला, फुलं कुठीच नव्हती. इकडे वेल फुलानं पांढरीफट्ट.

"ठमे, ओंजळभर दे व. बिनाफुलाचं कसं नेवाव त्याइले?"

माझं मन हाललं, खोटं काऊन बोलू? मले वाटलं, आता तरी ठमाबाई देईन. ठमाबाई आत गेली अन् ते गाडगं घेऊन आली. आतल्या कळ्या वाळून काळ्या पडल्या होत्या. तिनं साऱ्या केसरबाईच्या पदरात ओतल्या.

"घे बाई. त्यानंच तोडल्या होत्या. त्याच्याच आहेत."

केसरबाई पदर धरून गेली. मंग ठमाबाईनं हाताले फडकं गुंडाळलं अन् हरिदासच्या फोटोसाठी ताजी फुलं तोडाले घेतली.