कॅप्टन बाहेर येत नसतो

आमचे देवदत्त भावजी पोटासाठी डोकी आपटायचे. खोटी डोकी हो! स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग करणारी एक कंपनी आहे, तिथे ते अपघाताच्या चाचण्या घेत. माणसाएवढा बाहुला गाडीत बसवायचा, गाडी भिंतीवर नेऊन आदळायची आणि बाहुल्याच्या डोक्याला किती हिसका बसला ते मोजायचं. रविवारी आमच्याकडे जेवायला आले की पानावरही हेच. "वहिनी, कवटी फुटणं सोडा, आत मेंदू हलतो ना, तो खरा घोटाळा. आणि एकदा हललेला परत हलला, तर संपलंच." मी म्हणायची, "अहो, भात तरी सुखानं गिळू द्या."

मी ऊर्मिला, त्यांची थोरली वहिनी. सत्यजित, म्हणजे माझा नवरा, आधी जर्मनीत आला, त्याच्या मागोमाग भावजी आले आणि आमच्यापासून एस-बान लोकलच्या दोन स्टेशनांवर खोली घेऊन राहिले. माणूस सोन्यासारखा, पण कोणाच्या खिजगणतीत नाही. ऑफिसातले लोक इतकी वर्षं रोज गुटेन मोर्गन म्हणत, पण कधी कोणी घरी कॉफीला बोलावलं नाही. लग्नाची तीन-चार स्थळं आली तशी गेली. मिरजेहून सासूबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न, "देवाला कोणी मित्रबित्र आहे का गं तिथे?" काय सांगणार, कपाळ!

मग कधीतरी त्यांना तो खेळ सापडला. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. जळलं मेलं ते, फुटबॉल म्हणायचं आणि हातात धरून पळायचं! चेंडू नारळासारखा लांबुडका, मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब, आणि उंच आलेला चेंडू झेलायला हे लोक चक्क दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा रोवून उडी मारतात. डोक्यावर टोपीसुद्धा नाही. एसलिंगनकडे नेकार नदीच्या काठी 'डिंगो' नावाचा क्लब होता, निम्मे जर्मन, निम्मे वाट चुकलेले ऑस्ट्रेलियन, आणि त्यात आमचे भावजी. लहानपणी कबड्डी खेळलेले, त्यामुळे अंगावर जायला भीत नसत. शनिवारी गुडघे फोडून घ्यायचे आणि रविवारी आमच्याकडे हसत लंगडत यायचे. इतके हसताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं, म्हणून गप्प बसले.

दोन हजार आठच्या वसंतात क्लबचा जुना कॅप्टन डिर्क खेळायचा थांबला आणि सगळ्यांनी भावजींना कॅप्टन केलं. लगेच मला फोन आला. आम्ही दोघं समारंभाला गेलो. समारंभ कसला, पत्र्याची एक शेड, बिअर आणि सॉसेजेस. तिथली रीत अशी की जुन्या कॅप्टननं आपली बिनबाह्यांची जर्सी अंगातून काढून नव्याच्या डोक्यातून घालायची. मग सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं: कॅप्टन बाहेर येत नाही! म्हणजे बाकीचे खेळाडू दमले, लागलं, तर बदली देऊन बाहेर बसतात. कॅप्टननं मात्र शेवटचा भोंगा वाजेपर्यंत मैदान सोडायचं नाही. त्याला बाहेर काढायचा हक्क एकट्या जुन्या कॅप्टनला. त्यानं आत जायचं आणि नव्याचा हात धरून बाहेर आणायचं. आजवर अशी वेळ आलेली नाही, हे ते छाती फुगवून सांगत होते.

"आणि नाही आला बाहेर, आणि डोकं फुटलं म्हणजे?" मी विचारलं.

"अगं, डिर्क आहे की," सत्यजित म्हणाला. "चांगला समजूतदार माणूस दिसतोय."

समजूतदार होताच तो डिर्क. मोठा, गोरापान, शेडच्या आतही काळा चष्मा लावलेला. माझ्याशी हात मिळवून त्यानं त्याच्या कुत्र्याचा एक विनोद सांगितला. मी हसले. पाच मिनिटांनी पुन्हा आला, पुन्हा हात मिळवला, पुन्हा नाव विचारलं आणि तोच विनोद सांगितला. मला वाटलं, बिअर जास्त झाली. त्याची बायको हायके शेजारीच उभी होती. तिच्या हातात मात्र त्याचा पाण्याचा ग्लास होता, आणि ती हसत नव्हती.

पहिल्या सामन्याच्या दहा-बारा दिवस आधी सरावात भावजींच्या कानशिलात कोणाचं तरी कोपर बसलं. रविवारी जेवायला आले ते पडदे ओढा म्हणाले. उजेड सोसत नव्हता. आमटीचा वास आला आणि उठून बेसिनकडे धावले. माझा संताप संताप झाला.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान! तुमच्या बाहुल्याला असं झालं असतं तर काय लिहिलं असतं तुम्ही?"

"लिहिलं असतं, गाडी नापास," ते डोळे मिटूनच म्हणाले.

"मग? सांगा त्यांना, या शनिवारी जमणार नाही."

त्यांनी डोळे किलकिले केले. मग म्हणाले, "वहिनी, तुमचं सगळं बरोबर आहे. पण मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी कशासाठी तरी निवडलंय हो. पहिल्याच सामन्याला घरी बसू?" सत्यजितनं डॉक्टरकडे चल म्हणून सांगून सांगून हात टेकले. गेले नाहीत. मी मनातल्या मनात त्या डिर्कवर भिस्त ठेवून बसले.

शनिवारी आभाळ भरून आलं होतं, पाऊस मात्र पडेना. नदीकडून बोचरा वारा येत होता. तिसऱ्या डावापर्यंत सगळं ठीक चाललं आणि मी थोडी सैलावले. तेवढ्यात चेंडू उंच आला. भावजी खाली उभे, पाहुण्या संघाचा एक उंच गडी मागून उडाला आणि त्याचा गुडघा भावजींच्या डोक्यात बसला. मुद्दाम नव्हे, खेळच तसला. पण आवाज आम्हाला काठावर ऐकू आला.

ते पडले. मग उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजींनी चेंडू उचलला आणि उलट्या दिशेला, आमच्याच खांबांकडे चालायला लागले. पळत नव्हते, चालत होते, भाजी आणायला निघाल्यासारखे. कोणीतरी हसलं. मला हसू येईना.

"सत्यजित, बाहेर काढ त्यांना!"

तो बदली खेळाडूंच्या बाकाकडे धावला. तिथला पोरगेला जर्मन मान हलवत म्हणाला, "हो, हो, पण कॅप्टन आहे तो. डिर्कला विचारा."

डिर्क खांबाजवळ उभा होता. मी धापा टाकत त्याच्यापुढे गेले आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये ओरडले, "आत जा! देवदत्तला बाहेर आणा! आत्ता!"

त्यानं काळा चष्मा काढला. डोळे इतके प्रेमळ, आणि त्यांत काही म्हणजे काही नाही. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, "जातो ना. मला उशीरच झालाय." आणि जॅकेटची चेन खाली ओढून जॅकेट काढायला लागला. आत त्यानं जुनी जर्सी घातली होती. तो खेळायला निघाला होता.

हायके आली. तिनं त्याची चेन गळ्यापर्यंत वर ओढली, रोजचंच काम असल्यासारखी. "आज नाही, शाट्झ," त्याला लाडानं म्हणाली. मग माझ्याकडे बघून एवढंच बोलली, "त्याच्या वेळी मीही काठावरच उभी राहिले होते."

मी सरळ गेले आत. पंचानं शिट्टी फुंकली, लोक ओरडले, कोणी माझ्या अंगावर धावून आलं. आग लागो तुमच्या रीतीला, मी मराठीतच सांगितलं. भावजी हट्ट करतील, मला हाकलतील, सगळ्यांदेखत नाक कापलंत म्हणून भांडतील, म्हणून काय काय बोलायचं ते जुळवून गेले होते. त्यातला एक शब्द लागला नाही. मी हात पुढे केला, त्यांनी तो धरला आणि मुकाट माझ्यामागे यायला लागले.

मागून सगळा संघ ओरडत होता, "कॅप्टन! कॅप्टन!"

भावजी थांबले. वळून त्या सगळ्यांकडे बघितलं आणि कुतूहलानं मला विचारलं, "वहिनी, कोणाला बोलावतायत हो ते?"