उजव्या कडेने मागे

आमच्या ऑफिसातल्या डिझायनरला सगळे दोनखिशे म्हणतात. एका खिशात एका कंपनीचा फोन, दुसऱ्या खिशात तिच्या वैऱ्याचा. बारा वर्षं हा माणूस इकडचं बघून तिकडे घालतोय आणि तिकडचं बघून इकडे. त्याला चोर म्हणायचीही सोय नाही, कारण त्या दोन कंपन्या स्वतः तेच करतात आणि वर समारंभ करून मिरवतात. कामाला पक्का, पण बोलायच्या वेळी मूग गिळून बसणार. ह्या एका खोडीपायी मी त्याच्यावर किती ओरडले असेन, देव जाणे!

आमचं अ‍ॅप घरोघरी जाऊन इंजेक्शन देणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या नर्सेससाठी आहे. दिवसभरात कोणाकडे जायचं त्याची यादी त्यात असते. ते नीट चालतंय की नाही, हे तपासणं माझं काम.

साहेबांनी नवा महागडा फोन घेतला आणि आमची साडेसाती सुरू झाली. "आपलं अ‍ॅप हुबेहूब ह्याच्यासारखं करा!" भेट रद्द करायची तर ओळ बोटाने डावीकडे सरकवायची, बस्स. 'खरंच रद्द करू का?' हे विचारणं नको, चुकलं तर परत आणायची सोय नको, सगळं कसं स्वच्छ!

दोनखिशे पुटपुटला, "साहेब, नर्सेसकडे दुसरे फोन आहेत. त्यांवर उजव्या कडेने बोट आत ओढलं की मागच्या पानावर जातात. बोट जरा आतून सुरू झालं, तर भेटच उडेल."

"जग कुठे चाललंय, तू कुठे बसलायस!"

झालं. ह्याने मान डोलावली आणि तसं काढून दिलं. आणि मी, मोठी शहाणी, ते साहेबांच्याच फोनवर तपासलं आणि शेरा मारला, सर्व ठीक.

तीन आठवड्यांनी साहेबांनी एका नर्सला भर सकाळी ऑफिसात बोलावलं. तिच्या नावावर अकरा भेटी रद्द झाल्या होत्या. "कामचुकारपणा नुसता! उद्यापासून येऊ नका."

"अहो, मी कशाला रद्द करू? मी फक्त मागे गेले," ती म्हणाली. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं, हे मला माहीत होतं. आणि 'सर्व ठीक' हा शेरा माझाच होता. मी बोलणार, तेवढ्यात दोनखिशे उठला. मला वाटलं, पाणी प्यायला चाललाय.

"चूक हिची नाही, माझी आहे," तो म्हणाला. त्याने तिचा फोन घेतला आणि साहेबांच्या हातात दिला. "मागे जा साहेब. उजव्या कडेने."

"त्यात काय एवढं?" साहेबांनी बोट ओढलं. पान हललं नाही. पुन्हा ओढलं, मग चिडून तिसऱ्यांदा.

"तपासणीत मीही हे बघितलं नाही," मी म्हटलं.

साहेब अजून पडद्याकडेच बघत होते. "इथल्या तीन ओळी कुठे गेल्या?"

"रद्द झाल्या. आजच्या होत्या," दोनखिशे म्हणाला.

"मग आण ना परत!"

"येत नाहीत. ती सोय आपण काढली."

इतका वेळ डोळे पुसत उभी असलेली ती बाई एकदम पुढे झाली आणि तिने साहेबांच्या हातातून फोन काढून घेतला.

"माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा नंतर," ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली. "त्यातल्या एक आजी इंजेक्शन घेतल्याशिवाय घासही खात नाहीत. साडेदहा वाजले."

आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा.