लाल पेनाची सही

मंगळवार पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात नियम एकच. लाल पेनानं आबांची सही झाल्याशिवाय कुठलीही पत्रिका छपाईला जायची नाही. आबा म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य त्यांनी छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात घालवलं. तेव्हा काही मात्रा-वेलांट्यांचे खिळे वेगळे असत, आणि एखादा निसटला की मालकाच्या आधी आबाच ओरडत.

संगणकावरही वेलांटी अक्षरामागून येऊन त्याला चिकटते. जुनी फाईल नव्या फॉन्टमध्ये आणताना ती कधी कधी एकटी पडते, आणि मग अक्षराच्या जागी ठिपक्यांचं एक छोटं वर्तुळ उमटतं. माझी नजर त्यावरून खुशाल घसरून जायची. कागदावर आबांना मात्र ते लगेच दिसायचं. "हे बग, बिनधडाचं मुंडकं!" म्हणत ते त्यावर लाल फुली मारत आणि दिवसभर मला ऐकवत. मला राग यायचा. दुकान माझं, आणि शिकाऊही मीच!

गेल्या श्रावणात वास्तुशांतीच्या एका पत्रिकेत तसली तीन वर्तुळं राहिली. आबांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि सही केली. कागद परत घेताना ती मलाच दिसली. मी वर्तुळं काढली आणि पत्रिका पाठवून दिली.

त्यानंतर मी एक वाईट गोष्ट सुरू केली. आधी स्वतः तीन-तीनदा तपासायचं आणि चोख झालेला कागदच आबांपुढे ठेवायचा. ते वाचत, सही करत, "आता हात बसला तुजा," म्हणत. आईलासुद्धा मी काही कळू दिलं नाही. आबांची लाज राखतेय, असं स्वतःला सांगत होते. खरं तर मी घाबरले होते. त्यांना वाचायला हल्ली फार वेळ लागायचा. एकदा कागद उलटा धरलेला दिसला. चहा देता देता मी तो सुलटा केला.

परवा दुपारी मलकापूरचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी आले. प्रूफ आबांपुढे होतं. त्यांचं बोट पहिल्याच ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरत होतं.

"मामा, व्हतंय न्हवं? यष्टी गाठायची हाय," पाहुणे म्हणाले.

"जरा दम धरा की पावणं!" आबांचा आवाज पहिल्यासारखाच खणखणीत होता. मला तेवढ्यानंही बरं वाटलं. मग त्यांनी सही करून कागद माझ्याकडे सरकवला.

लाल रेघ अगदी सरळ ओढलेली होती. रेघेवर त्यांच्या नावातली वेलांटी होती, मात्रा होती, अनुस्वाराचं टिंबही जागच्या जागी होतं. रेघेखाली एकही अक्षर नव्हतं.

"झाली न्हवं सही? मग लावा मशीनला," म्हणत पाहुणे उठले.

आबा माझ्याकडेच बघत होते. "काय चुकलंय काय गं?" त्यांनी हळूच विचारलं. एवढ्या महिन्यांत ते पहिल्यांदाच विचारत होते.

"काय न्हाय, आबा," मी म्हणाले. "बरोबर हाय."